फुटबॉलपटूंनी कॉलेज निवडताना कट-ऑफबरोबर सामनेही मोजावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या अंकात रोज कट-ऑफ, फेऱ्यांचे वेळापत्रक आणि कागदपत्रांची यादी येते. पालकांना त्याचा मोठा आधार असतो. पण फुटबॉल खेळणाऱ्या मुला-मुलींच्या घरी याच दिवसांत आणखी एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कुठेच छापून येत नाही. खेळ चालू ठेवायचा तर कॉलेज कोणते घ्यावे? मग ऐकीव माहितीवर निर्णय होतो. कोणी सांगते, तिथे कपाटभर ढाली आहेत. कोणी सांगते, तिथे फी माफ होते. आणि जुलैत मोठ्या उमेदीने प्रवेश घेतलेला मुलगा डिसेंबरपर्यंत एकही पूर्ण सामना न खेळता बाकावर बसून राहतो. आम्ही मैदानावर मुलांना शिकवणारी माणसे आहोत. प्रवेशाआधी काय बघावे आणि काय विचारावे, ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमस्व. उदाहरणे कोल्हापूरकडची जास्त येतील, पण गणित सगळीकडे तेच आहे.

'त्या कॉलेजचा संघ चांगला आहे का?' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्याच्या जागी दोन प्रश्न विचारावेत. संघाला वर्षभरात सामने किती मिळतात? आणि त्यातली किती मिनिटे आपल्या मुलाच्या वाट्याला येतील? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. सोळा संघ उतरले तर एकूण पंधरा सामने होतात आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. विजेता चार सामने खेळतो. पुढच्या टप्प्यातले दोन-तीन धरले तरी नावाजलेल्या संघालाही विद्यापीठाच्या स्पर्धेतून वर्षाला सहा-सात सामन्यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. वाढत्या वयाच्या खेळाडूला एवढे पुरत नाहीत. म्हणून बाकीचे सामने कुठून येतात ते विचारायचे. कॉलेज निमंत्रित स्पर्धांना संघ पाठवते का? स्थानिक लीगमध्ये कॉलेजचा स्वतःचा नोंदणीकृत संघ आहे का? तो नसेल तर मुलांना क्लबकडून किंवा तालमीकडून (आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात) खेळू देतात का? गेल्या वर्षी संघ कोणकोणत्या तारखांना, कोणाविरुद्ध खेळला याची यादी मागावी. जिथे खेळ खरोखर चालतो तिथे ती पाच मिनिटांत हातात येते.

मिनिटांचा प्रश्न आणखी अवघड. संघात वीस मुले असतात, मैदानात अकरा उतरतात. आपल्या जागेवर आत्ता कोण खेळतो आणि तो कोणत्या वर्षाला आहे, हे काढल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. तो तृतीय वर्षाला असेल तर पुढच्या हंगामात जागा रिकामी होते. तो नुकताच प्रथम वर्षाला आला असेल आणि तुमच्यापेक्षा सरस असेल तर तीन वर्षे त्याच्या मागे काढावी लागतील. गोलकीपरने हे सगळ्यात बारकाईने बघावे. बचावपटूला डावीकडून उजवीकडे हलवता येते, मिडफिल्डर वेळप्रसंगी बॅकला खेळतो. कीपरची जागा एकच, आणि चांगला कीपर दुखापत झाल्याशिवाय बाहेर येत नाही. उत्तम कीपर असलेल्या मोठ्या कॉलेजात दुसरा कीपर होण्यापेक्षा मध्यम संघाचा पहिला कीपर होणे आम्हाला केव्हाही बरे वाटते. विद्यापीठाच्या निवड समितीला तो निदान खेळताना तरी दिसतो.

आता दहावीनंतरचे. इथे झालेली चूक दोन-तीन वर्षे निस्तरता येत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ती शिडी आहे. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी १९ वर्षांखालील गट असतो. ही स्पर्धा शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांची आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविकेला गेलेला मुलगा या शिडीवरून उतरतो. पदविका विद्यार्थ्यांच्या आंतरतंत्रनिकेतन स्पर्धा वेगळ्या असतात, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार त्याला पदवीला गेल्यावरच उघडते. म्हणजे ऐन वाढीची तीन वर्षे त्याला क्लबवर किंवा तालमीवर काढावी लागतात. पदविका घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. घराची गरज असेल तर जरूर घ्यावी. मात्र पहिल्याच महिन्यात एखाद्या लीगमधल्या संघाशी नोंदणी करून ठेवावी.

दुसरा धोका 'इंटिग्रेटेड' कॉलेजांचा. मुलगा दिवसभर क्लासला जातो आणि कॉलेजात फक्त त्याचे नाव असते. अशा कॉलेजांकडे बऱ्याचदा संघच नसतो. शालेय स्पर्धेचा प्रवेश अर्ज प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानेच जातो; खेळाडूला तो स्वतः भरता येत नाही. प्राचार्यांनी संघ पाठवला नाही तर राज्य पातळीच्या क्षमतेचा मुलगाही त्या वर्षी शालेय फुटबॉलपुरता घरीच बसला. बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी एक वर्ष थांबणाऱ्यांचेही तसेच. त्या वर्षी तो कोणत्याच कॉलेजचा विद्यार्थी नसतो, म्हणून कोणत्याच कॉलेजकडून खेळू शकत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अकरावीत आलेला मुलगा जन्मतारखेनुसार पुष्कळदा अजून १७ वर्षांखालील गटातही बसतो. सुब्रतो चषक या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा मोठा गट याच वयाचा आहे. आठवी ते बारावी एकाच आवारात असलेल्या उच्च माध्यमिक विद्यालयात नववी-दहावीची मुले आणि अकरावीतली वयात बसणारी मुले मिळून १७ खालचा भक्कम संघ उभा राहतो. पदवी महाविद्यालयाला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या वयाची पुरेशी मुलेच नसतात, म्हणून तिथे बहुधा फक्त १९ खालचा संघ असतो. मुलाचा जन्म वर्षाच्या कोणत्या महिन्यातला आहे एवढ्या साध्या गोष्टीवर एक अख्खी स्पर्धा मिळते किंवा हुकते. शिवाय सुब्रतो आणि शालेय स्पर्धांच्या जिल्हा फेऱ्या पावसाळ्यातच सुरू होतात आणि अकरावीच्या प्रवेश फेऱ्याही तेव्हाच चालू असतात. शेवटच्या फेरीपर्यंत 'आणखी बरे' कॉलेज मिळण्याची वाट बघणाऱ्या मुलाचे नाव संघाच्या यादीत वेळेत जात नाही. दोन-तीन टक्क्यांच्या फरकासाठी फेरी लांबवायची की पहिल्या फेरीत मिळालेले, संघ असलेले कॉलेज पक्के करायचे, याचा विचार घरी आधीच करून ठेवावा.

बारावीनंतर कॉलेजच्या आधी विद्यापीठ बघावे. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. आधी चार विभागांत सामने होतात. आपला विभाग पश्चिम. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचा रस्ताही तिथूनच जातो. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी विभागीय, मग आंतरविभागीय सामने आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. कोल्हापूर विभागातली चुरस वेगळी सांगायला नको. पेठापेठांतली मुले तिथे एकमेकांसमोर येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ यांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत आणि त्या सगळ्यांतून वीस-बावीस मुले निवडायची असतात. याउलट खासगी आणि अभिमत विद्यापीठे स्वतःचा संघ थेट पश्चिम विभागात उतरवतात. तिथे कॉलेजचा संघ आणि विद्यापीठाचा संघ जवळजवळ एकच असतो. शिवाजी किंवा मुंबई विद्यापीठाच्या निवड चाचणीत पस्तिसाव्या क्रमांकावर राहणारा मुलगा अशा विद्यापीठातून पहिल्याच वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळू शकतो. त्याची दुसरी बाजूही बघावी. अशा विद्यापीठाची फी कितीतरी जास्त असते, आतल्या आत सराव देणारे तोडीचे संघ नसतात आणि पश्चिम विभागात पहिल्याच सामन्यात तगडा प्रतिस्पर्धी आला तर हंगाम नव्वद मिनिटांत आटोपतो. तीन वर्षांत तीनच सामने, असेही होऊ शकते.

एकाच गावातली दोन कॉलेजे वेगवेगळ्या विद्यापीठांना संलग्न असू शकतात, हे अभियांत्रिकीच्या मुलांनी विशेष लक्षात घ्यावे. एक शिवाजी विद्यापीठाला असेल, दुसरे लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला असेल, तिसरे स्वायत्त असेल. वैद्यकीयची मुले नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, कृषीची चार कृषी विद्यापीठांत विभागली जातात. शाखा तीच, शहर तेच, पण खेळण्याची वाट पूर्ण वेगळी. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर संलग्नता लिहिलेली असते. ती आधी वाचावी.

आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच चालतो. दूरशिक्षणाने पदवी घेणारा चालत नाही. त्या वर्षीच्या १ जुलैला वय पंचवीसपेक्षा कमी असावे लागते. आणि सगळ्यात जास्त मुले अडकतात ती इथे: विषय राहून वर्ष वाया गेले आणि मुलगा केवळ परीक्षेचा फॉर्म भरून बसला, तर तो नियमित विद्यार्थी राहत नाही आणि संघातूनही जातो. अभियांत्रिकीत 'इयर डाउन' झालेले कितीतरी चांगले खेळाडू असे वर्षभर बाहेर बसतात. म्हणून झेपेल तीच शाखा घ्यावी. मित्र गेले म्हणून विज्ञान घेतलेल्या आणि पहिल्याच सत्रात चार विषय राहिलेल्या मुलाला कोणताही प्रशिक्षक संघात ठेवू शकत नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुले मैदानापेक्षा जास्त इथेच हरतात. सराव साधारण सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी साडेचार ते साडेसहा असा असतो. पहिले व्याख्यान साडेसातचे असेल तर सकाळचा सराव गेला. विज्ञान आणि अभियांत्रिकीची प्रात्यक्षिके दुपारी दोन ते पाच असली तर आठवड्यातले दोन-तीन दिवस संध्याकाळचाही अर्धा सराव गेला. प्रात्यक्षिकांच्या तुकड्या पहिल्या आठवड्यात पडतात. त्या वेळी शारीरिक शिक्षण संचालकांचे पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटले तर सोयीची तुकडी मिळू शकते. ऑगस्ट उजाडल्यावर कोणी बदलून देत नाही. हजेरी ७५ टक्के लागते. एका सत्रात साधारण नव्वद दिवस कॉलेज भरते असे धरा. त्यातले बावीस दिवस चुकले तरी चालतात. विद्यापीठाचे शिबिर दहा-पंधरा दिवसांचे, प्रवास आणि स्पर्धा मिळून आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे खेळानेच सगळी सवलत संपवली. तापाने दोन दिवस अंथरूण धरले की हजेरी घसरलीच. खेळाचे दिवस हजर धरण्याची सोय आहे का, त्यासाठी कोणाचे पत्र किती दिवसांत द्यायचे आणि प्रत्येक विषयाचे प्राध्यापक ते मानतात का, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंना विचारावे. ऑफिसात 'आम्ही सहकार्य करतो' एवढेच उत्तर मिळते.

परीक्षेचेही तसेच. पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे एकमेकींवर आदळतात. लेखी परीक्षा विद्यापीठाची असेल तर तारीख कॉलेजच्या हातात नसते. स्वायत्त कॉलेजात ती त्यांच्या हातात असते, त्यामुळे तिथे पुनर्परीक्षा घेणे सोपे जाते. स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर पुन्हा कधी होतो, अंतर्गत चाचणीचे गुण कसे देतात आणि गुणपत्रिकेवर त्याची काही खूण राहते का, एवढे तीन प्रश्न आधी विचारून घ्यावेत.

कोल्हापूरच्या मुलांपुढे आणखी एक पेच असतो तो तालमीचा. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि मागोमाग येणाऱ्या चषक स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल या तालीम संघांच्या नावांशी मुलांचे लहानपणापासूनचे नाते असते आणि शाहू स्टेडियमवरच्या गर्दीपुढे खेळण्याचा अनुभव कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मिळत नाही. लीगमध्ये हरले तरी पुढचा सामना असतो, हा तिचा खरा फायदा. म्हणून कोल्हापुरातच राहून तालमीकडून नियमित खेळणाऱ्या मुलाने केवळ नावासाठी पुण्या-मुंबईचे कॉलेज घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी तिथला क्लब ठरवावा आणि मग कॉलेज. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदलेला असतो. फिफाच्या नियमाप्रमाणे एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंद होऊ शकते, पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. पुण्याच्या क्लबकडे ऑक्टोबरात नोंद केली आणि जानेवारीत पेठेतून बोलावणे आले, तर बदली प्रक्रियेतून जावे लागते. रीतसर बदली न करता दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलाचा सामना रद्द होतो आणि बंदी त्याच्यावर येते. त्याला बोलावणारे पदाधिकारी मोकळे राहतात. कॉलेजचा संघ संघटनेकडे क्लब म्हणून नोंदलेला नसेल तर कॉलेज आणि तालीम दोन्हीकडून खेळायला नियमाची आडकाठी नसते. अडचण तारखांची येते. ज्या दिवशी दोन्ही सामने येतील त्या दिवशी कुठे खेळायचे, हे प्रवेशाच्या वेळीच दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून ठरवावे.

मैदान स्वतः जाऊन बघावे आणि शक्यतो सरावाच्या वेळी जावे. माहितीपुस्तिकेतले 'भव्य क्रीडांगण' पावलांनी मोजता येते. मोठ्या सामन्यांसाठी मैदान १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद लागते. मोठ्या माणसाचे लांब पाऊल पाऊण मीटरच्या आसपास धरले तर एका गोलपासून दुसऱ्यापर्यंत सव्वाशेच्या वर पावले भरली पाहिजेत. कित्येक ठिकाणी सत्तर-ऐंशीच भरतात, मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते आणि एका कोपऱ्यात पार्किंग. अशा जागी शिकलेला विंगर पूर्ण मैदानावर आला की साठाव्या मिनिटाला थकतो, कारण कडेने चाळीस मीटर धावून क्रॉस टाकण्याची सवयच त्याला लागलेली नसते. गोल ७.३२ बाय २.४४ मीटरचा आहे का ते बघावे. हँडबॉलच्या गोलवर कीपर तयार होत नाही. जमीन मुरमाची आणि कडक असेल तर लांब स्टडचे बूट घेऊन उपयोग नाही. स्टड रुतत नाहीत, सगळा भार टाचेवर आणि घोट्यावर येतो. तिथे बारक्या रबरी गुठळ्यांचे बूट लागतात. मग सराव चालू असताना बॉल मोजावेत. पंचवीस मुलांत तीन बॉल असतील तर दीड तासातली बहुतेक वेळ मुले रांगेत उभी असतात. दहा-बारा बरे बॉल असलेल्या ठिकाणी बॉलला पाय जास्त लागतो, एवढे साधे आहे.

सुरुवातीची वीस मिनिटे तर जरूर बघावीत. मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच सामना सुरू होत असेल तर तिथे दुखापतींची काळजी घेतली जात नाही. फिफाचा '११+' हा वॉर्म-अप पंधरा व्यायामांचा आणि सुमारे वीस मिनिटांचा आहे. त्याला बॉल, शंकू आणि शिस्त एवढेच लागते. तो नियमित केला तर गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती कमी होतात. गुडघ्यातला एसीएल अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी जातात, म्हणजे एक अख्खा हंगाम. तो खर्च कोण करणार? कॉलेजचा अपघात विमा सामन्यापुरता आहे की सरावालाही लागू आहे, जवळचा फिजिओथेरपिस्ट कोण, हे विचारताना संकोच करू नये.

कॉलेजचा खेळ शेवटी एका माणसावर चालतो, तो म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. अनेक कॉलेजांत हे पद रिकामे आहे किंवा तासिका तत्त्वावर भरलेले आहे. पूर्णवेळ माणूस नसेल तर प्रवेश अर्ज वेळेत जात नाहीत, खेळाडूंच्या पात्रतेचे कागद अपुरे राहतात आणि संघ सामना न खेळताच बाद होतो. संचालक कबड्डीचे किंवा कुस्तीचे असले तरी बिघडत नाही, फुटबॉलसाठी वेगळा प्रशिक्षक आठवड्यातून किती दिवस येतो ते बघावे. स्पर्धेच्या आधी आठ दिवस येणारा प्रशिक्षक संघ निवडतो, घडवत नाही.

मुलींसाठी हे सगळे प्रश्न आणखी अवघड होतात. कित्येक कॉलेजांत मुलींचा संघ प्रवेश अर्जापुरता असतो. अकरा भरायला अॅथलेटिक्स आणि खो-खोच्या मुली आणल्या जातात. नियमाप्रमाणे सात खेळाडूंपेक्षा कमी असतील तर सामना सुरूच होत नाही आणि तीही वेळ येते. नियमित सरावाला येणाऱ्या मुली किती, हे स्वतः मैदानावर जाऊन मोजावे. त्या दहाच्या आत असतील आणि मुलगी गंभीरपणे खेळत असेल तर शहरात महिला संघ असलेला क्लब आहे का, हे आधी शोधावे. मुलींना मुलांबरोबर सराव करू देणारे कॉलेज त्यातल्या त्यात बरे. कपडे बदलायला बंद खोली, मैदानाजवळ स्वच्छतागृह, प्रवासात महिला व्यवस्थापक आणि सराव संपल्यावर घरी जायला बस, या चार गोष्टींवरच मुलींचे खेळणे टिकते किंवा सुटते. वडील पहिल्या दिवशी तयार असतात. साडेसातला अंधारात बसथांब्यावर उभी असलेली मुलगी दोन-तीनदा दिसली की मागे हटतात.

फी माफीचे आश्वासन कागदावर घ्यावे. 'तू ये रे, बघू आपण' यावर प्रवेश घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी पूर्ण फीची पावती हातात पडते. कोणती फी माफ, शिकवणीची की सगळी, वसतिगृह आणि मेस धरून की सोडून, किती वर्षे आणि कोणत्या अटीवर, हे पत्रात असावे. दुखापत झाली तर सवलत चालू राहते का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. मेसची वेळही बघावी. सकाळचा सराव आठला संपला आणि नाश्ता आठलाच बंद झाला तर दुपारपर्यंत मुलगा उपाशी. त्या पोटी महिनाभर सराव केलेला मुलगा वजन घालवून बसतो आणि मग प्रशिक्षक म्हणतो, अंगात ताकद नाही.

कागदपत्रांचे दोन शब्द. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण राज्यस्तरावर नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्राने ते मिळत नाही, आणि प्रत्येक प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणी होते. प्रमाणपत्रावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव गाळलेले, आडनावाचे स्पेलिंग वेगळे, स्पर्धेची तारीख किंवा स्तर न लिहिलेला, अशी प्रमाणपत्रे पाच-सहा वर्षांनी भरतीच्या वेळी अडतात आणि तेव्हा ती दुरुस्त करायला सही करणारा सचिवही जागेवर नसतो. बक्षीस समारंभाच्या दिवशीच ते वाचून घ्यावे. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, म्हणून शाळा सोडण्याआधी तो गेला की नाही ते बघावे. विद्यापीठ मध्येच बदलणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र लगेच काढावे. प्रवेश तात्पुरता असेपर्यंत आंतरविद्यापीठ संघात नाव घालता येत नाही.

संपादक महोदय, यातली बरीचशी माहिती मुलांना दारोदार फिरून गोळा करावी लागते, कारण ती कुठे एकत्र नसते. प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडाशुल्क घेणाऱ्या कॉलेजांनी माहितीपुस्तिकेत फुटबॉलसाठी एक पान द्यायला काय हरकत आहे? मागील तीन वर्षांत मुलांचे आणि मुलींचे संघ किती सामने खेळले, मैदानाची लांबी-रुंदी, प्रशिक्षकाचे नाव आणि येण्याचे दिवस, सरावाची वेळ, खेळासाठी हजेरी आणि पुनर्परीक्षेचा नियम, विमा आणि फी सवलतीच्या अटी, एवढेच छापावे. विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी संलग्न कॉलेजांकडून ते भरून घेतले तर एका परिपत्रकाचे काम आहे. आपणही प्रवेशाच्या पुरवणीत कट-ऑफच्या शेजारी अशी एक चौकट चालवावी, ही कळकळीची विनंती. अकरावीच्या पहिल्या फेरीआधी ती आली तर यंदाच्याच मुलांना उपयोगी पडेल.

आपले,
काही फुटबॉल प्रशिक्षक व क्रीडाशिक्षक
कोल्हापूर